पुदुपेटच्या भरवशावर रोजची गाडी

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातून बाहेर पडून कूम नदीच्या दिशेने चालू लागले की थोड्या वेळात पुदुपेट येते. दुकानांच्या कपाळावर बंपर टांगलेले असतात, फुटपाथवर दरवाजे एकाला एक टेकून उभे असतात आणि आतल्या अंधारात गिअरबॉक्स, रेडिएटर, डिफरन्शिअल यांच्या उतरंडी लागलेल्या असतात. मोडीत निघालेल्या गाड्या इथे सुट्या होतात आणि त्यांचे अवयव दुसऱ्या गाड्यांना जगवतात. कूम ओलांडून अण्णा सालईच्या पलीकडे गेले की जनरल पॅटर्स रोड. तिथे नव्या सुट्या भागांची दुकाने. जुन्या काळची गाडी घेऊन तीच रोज ऑफिसला न्यायची, असे ज्याच्या मनात आहे त्याने मोबाइलवरच्या जाहिराती चाळण्याआधी या दोन ठिकाणी एक दिवस घालवावा. कुठली गाडी आपल्याला झेपेल हे तिथे जितके लख्ख कळते तितके विकणाऱ्याच्या अंगणात कळत नाही.

हा प्रश्न आता पुष्कळांना पडू लागला आहे. पुण्याहून, नागपूरहून ओएमआर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रोडवरच्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींना पहिली गाडी हवी असते. नवी छोटी गाडी साडेतीन-चार लाखांच्या खाली मिळत नाही आणि हप्ता पाच-सात वर्षे मानगुटीवर बसतो. दुसरीकडे आजोबांच्या फियाटची आठवण असते, किंवा मैलापूरच्या एखाद्या गल्लीत कापडाखाली झाकलेली अॅम्बेसेडर रोज खुणावत असते. हौस आणि काटकसर एकाच गाडीत बसवता येईल का, हा विचार वेडगळ नाही. मात्र तो नीट करायला हवा, कारण याच वाटेने गेलेल्या कितीतरी गाड्या आज कुणाच्या तरी आवारात चार विटांवर उभ्या आहेत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. व्हिंटेज, क्लासिक आणि नुसती जुनी या तीन गोष्टी लोक सरमिसळ करून वापरतात, पण कायद्याने त्यांतली एकच ओळखली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. नव्याने नोंदल्या गेलेल्या गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ऐकायला हे मानाचे वाटते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची असते. रोजच्या वापराला ती नेता येत नाही. म्हणजे ज्याला गिंडीपासून शोळिंगनल्लूरपर्यंत रोज जायचे आहे, त्याने या मानापासून दूर राहावे आणि गाडीची साधी खासगी नोंदणीच जिवंत ठेवावी. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. एजंट 'व्हिंटेज करून देतो' म्हणाला तर हे आठवलेले बरे.

या शहराचा गाड्यांशी संबंध फार जुना आहे. १९०३ मध्ये मद्रासच्या सिम्पसन कंपनीत सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी वाफेवर चालणारी मोटार बांधली. स्वातंत्र्यानंतर अशोक मोटर्सने एन्नोरला ऑस्टिन ए-४० जोडायला घेतली. पुढे तिचीच अशोक लेलँड झाली. वंडलूरजवळ स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सचा कारखाना उभा राहिला. आणि या साऱ्यांच्या भोवती सुट्या भागांचे एक गावच वसले: सेंबियमला इंडिया पिस्टन्स, पाडीला लुकास-टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया आणि व्हील्स इंडिया, तिरुवोत्रियूरला एमआरएफचे टायर. मुंबईत किंवा कलकत्त्याजवळ बनलेल्या गाडीचाही डायनॅमो, ब्रेक, पिस्टन यांपैकी काहीतरी मद्रासचेच असायचे. जुनी गाडी रोज चालवण्याचा विचार भारतात कुठे करावा, तर तो इथेच, हे म्हणणे म्हणूनच भाबडे ठरत नाही.

मग या शहराची स्वतःची गाडी कोणती? स्टँडर्ड हेराल्ड. १९६१ पासून ती इथे बनू लागली. इटालियन रेखाकार जोव्हान्नी मिकेलोत्तीने घडवलेला तिचा चेहरा आजही रस्त्यावर मान वळवायला लावतो. तिचा अख्खा पुढचा भाग, बोनेट आणि मडगार्ड मिळून, पुढे उलटतो आणि मेकॅनिकला चाकावर बसून इंजिनाशी बोलता येते. २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते; ट्रिप्लिकेनच्या बोळांत याची किंमत कळते. चार दरवाजांची हेराल्ड तर खास भारतातच निघाली. चॅसी वेगळी आणि बॉडी वर बोल्टने जखडलेली, त्यामुळे कुजलेला भाग बदलणे तत्त्वतः सोपे. एवढे सगळे असून पहिली गाडी म्हणून हेराल्ड घेऊ नये, असेच सांगावे लागते. तिच्या मागच्या चाकांची स्विंग अॅक्सलची रचना जोरात घेतलेल्या वळणावर चाक आत दुमडते आणि नवख्या चालकाला त्याचा अंदाज येत नाही. १९७२ मध्ये आलेल्या गझेलमध्ये साधा सरळ अॅक्सल बसवला गेला, पण तीही फार वर्षे टिकली नाही. १९८५ मध्ये आलेली महागडी स्टँडर्ड २००० चालली नाही आणि त्या दशकाच्या अखेरीस कारखानाच थांबला. तीन-साडेतीन दशके जिचा कारखाना बंद आहे, तिचा प्रत्येक भाग कुणाच्या तरी ओळखीने, कुणाच्या तरी माळ्यावरून शोधावा लागतो. रविवारच्या गाडीला हे शोभते, सोमवारच्या नाही.

पद्मिनीचे गणित वेगळे आहे, आणि मराठी वाचकाला तिची ओळख करून द्यायची गरज नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. तीच १९७३ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि पुढच्या वर्षी पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर हात-गिअर. मराठी कुटुंबात जन्मून तामिळ पडद्याचा राजा झालेल्या रजनीकांत यांच्याकडेही पद्मिनी होती. या गाडीचे सुटे भाग इतकी वर्षे सहज मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सीवाले रोज क्लच प्लेट, पॉइंट, बुश मागत होते म्हणून कारखानदार ते बनवत होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. तो दिवस वर्तमानपत्रांनी हळहळत छापला. पण चेन्नईत पद्मिनी घ्यायला निघालेल्याने त्याकडे व्यवहाराच्या नजरेनेही पाहावे. घाऊक मागणी संपली की काही भागांचा पुरवठा आटत जाणार. घिसणारे भाग, म्हणजे ब्रेक शू, पाण्याचा पंप, किंगपिन, रबरी बुश, गाडी घेतानाच एक-एक जोड घेऊन कपाटात ठेवलेले बरे.

तरीही मन लावून शिकायची तयारी असेल तर पद्मिनी हाताशी धरण्याजोगी गाडी आहे. इंजिन उघडे, साधे, पान्यांच्या एका पुडक्यात दुरुस्त होणारे. शेवटच्या काळातल्या एस-वन मॉडेलला गिअर खाली जमिनीवर आला आणि पुढे स्वतंत्र सीटा आल्या; नवशिक्याने मिळाली तर तीच पाहावी. उत्पादन २००० च्या सुमारास संपले, म्हणजे सर्वांत तरुण पद्मिनीही आता पंचविशीची आहे.

अॅम्बेसेडर मोठी, ऐसपैस आणि खड्ड्यांची पर्वा न करणारी. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून आलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २४ मे २०१४ पर्यंत कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बनत होती. म्हणजे अॅम्बेसेडरच्या रूपाची पण जेमतेम बारा-पंधरा वर्षांची गाडीही मिळू शकते, आणि हा तिचा सर्वांत मोठा गुण. नव्वदच्या दशकात तिला इसुझूचे १८०० सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर मिळाले; ती गाडी आजच्या रहदारीतही मागे राहत नाही. तोटा पेट्रोलचा आणि विम्याचा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वर्षाचा हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर थेट ७,८९७, वर जीएसटी वेगळा. जुन्या १४८९ सीसीच्या अॅम्बेसेडरला मधला दर लागतो, १८०० ला वरचा. हाच नियम त्याच इंजिनाच्या काँटेसा या गाडीलाही लागू. तिच्या देखणेपणावर भाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता जिच्याकडे 'क्लासिक' म्हणून कुणी बघत नाही त्या गाडीकडे यावे लागते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. किंमत ४७,५०० रुपये. ती पहिली चौकोनी पिढी १९८६ मध्ये बदलली आणि आज चांगल्या अवस्थेत क्वचितच दिसते. दुसरी पिढी जानेवारी २०१४ पर्यंत निघत राहिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हलके शरीर. हिच्या कार्बोरेटरचे गावही चेन्नईच्या वेशीवरचेच: मराईमलई नगरमध्ये १९८५ साली जपानच्या मिकुनीच्या सहकार्याने सुरू झालेली युकाल कंपनी. पुदुपेटमध्ये पद्मिनीचा दरवाजा शोधावा लागतो, मारुतीचा शोधावा लागत नाही. कोणत्याही नाक्यावरचा मेकॅनिक ती डोळे मिटून उघडतो. एसी असलेली मिळते, आणि मे महिन्यातल्या कत्तिरी उन्हात वेळाचेरीच्या सिग्नलवर उभे राहिलेल्यालाच एसीचे मोल कळते. चाळीस अश्वशक्तीच्या पद्मिनीला नंतर एसी जोडला की इंजिन तापण्याचा घोर लागतो.

पैशाचा हिशेब कागदावर मांडून बघू. रोज २५ किलोमीटर, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ७,५०० किलोमीटर. लिटरला शंभर रुपये धरू. शहरात जुनी अॅम्बेसेडर नऊ, पद्मिनी बारा आणि मारुती सोळा किलोमीटर देते असे धरू. वर्षाचे पेट्रोल अनुक्रमे सुमारे ८३,०००, ६२,५०० आणि ४७,००० रुपये. नुसत्या पेट्रोलातच अॅम्बेसेडर आणि मारुती यांच्यात वर्षाला ३६,००० चा फरक पडतो. गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली याचा आनंद दीड वर्षात संपतो.

पेट्रोलचा आणखी एक पेच आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबराला आणि कॉर्कच्या गॅस्केटला खाते, ओलावा शोषते आणि पत्र्याच्या टाकीत गंज धरवते. चेन्नईची हवा आधीच दमट. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि चिकट साका सापडतो. त्यावर इलाज आहेत आणि ते महाग नाहीत: इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात, पंपाचा पडदा बदलावा, टाकीजवळ एक पारदर्शक फिल्टर बसवावा, जेट जरा मोठा घ्यावा आणि गाडी आठवड्यातून दोनदा तरी चालवावी. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास उलट कमी होतो. जुन्या गाडीला विसावा मानवत नाही, हे मेकॅनिक सांगतात ते याचसाठी. दुसरी गोष्ट शिशाची. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते २००० साली. त्याआधीच्या गाड्यांच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका मऊ असू शकतात. हेड कधी खोलले गेले असेल तर कठीण सीट बसवल्या आहेत का, एवढे विचारून घ्यावे.

पण चेन्नईत गाडी मरते ती इंजिनाने क्वचित, पत्र्याने. समुद्राचा खारा वारा तिरुवान्मियूर-बेसंट नगरच्या बाजूला उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा खालचा भाग वर्षागणिक खात राहतो. अॅम्बेसेडर आणि पद्मिनी दोन्ही मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पट्टी आणि मागच्या पाट्यांचे बूड कुजले की गाडीचा कणाच गेला. डेंटिंगला इथे 'टिंकरिंग' म्हणतात, आणि चांगल्या टिंकरचा हात मिळणे हे चांगला मेकॅनिक मिळण्यापेक्षा अवघड. इंजिन एकदा बांधले की वर्षानुवर्षे चालते; पत्र्याचे काम एका कोपऱ्यातून सुरू होते आणि रंगासकट गाडीच्या किमतीपुढे जाते. म्हणून चकचकीत रंगावर जाऊ नये. खिशात एक छोटा लोहचुंबक न्यावा, रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवावा. तो जिथे पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे.

पूर हा इथला दुसरा शत्रू. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार फुगली आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाने शहर पुन्हा पाण्यात घातले. बुडालेल्या गाड्या वाळवून, धुऊन, अत्तर मारून विकल्या जातात. कार्पेट उचलून खालच्या कोपऱ्यांत मातीची बारीक रेघ दिसते का बघावे. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का बघावे. जुन्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक्स नसते, हे अशा वेळी त्यांच्या पथ्यावर पडते: पाणी गेलेली पद्मिनी वाचवता येते, पाणी गेलेली नवी गाडी बहुधा नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र जराही सैल सोडू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी ६०० ऐवजी ५,००० रुपये लागू लागले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० झाले. उशीर केला तर खासगी मोटारीला महिन्यागणिक दंड. सात-आठ वर्षे आरसी बुक मुदतबाह्य पडलेली 'स्वस्त' गाडी घेणाऱ्याला हा साठलेला दंड, ग्रीन टॅक्स आणि फिटनेसची तपासणी असे सगळे एकदम भरावे लागते. जुन्या तीन अक्षरी क्रमांकाची गाडी असेल तर तिची नोंद सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढलेली आहे की नाही, हे पैसे मोजण्याआधी तपासावे. न चढलेली नोंद चढवून घेण्यात महिने जाऊ शकतात. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून घरची गाडी आणायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, फॉर्म २८, हवे, आणि तामिळनाडूचा रस्ता कर इथे भरावा लागतो. दिल्लीत आली तशी दहा-पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची बंदी चेन्नईत नाही. त्यामुळे दिल्लीच्या गाड्या कमी दरात इकडे येतात. त्यांचा पत्रा कोरड्या हवेत टिकलेला असतो, हा एक फायदा.

काहीजण जुनी बॉडी ठेवून आत नवे इंजिन घालण्याचा सल्ला देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नमुन्यात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच जातीचे इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येते. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला विजेचा पंखा हे लहान बदल रोजच्या गाडीचा स्वभावच बदलतात, आणि पहिल्या महिन्यातच करून घ्यावेत.

राहिला सुरक्षेचा मुद्दा, आणि तो टाळून हा आढावा पुरा होणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या, अल्टो ८०० सह, धडकवून पाहिल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही शून्य तारे घेऊन बाहेर आल्या. त्या वेळच्या नव्या गाड्यांची ही गत, तर १९८० च्या पद्मिनीची काय असेल याची कल्पना करता येते. एअरबॅग नाही, एबीएस नाही, ब्रेकला अनेकदा बूस्टर नाही, स्टिअरिंगचा दांडा थेट छातीकडे रोखलेला. 'जुना पत्रा जाड असतो' हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो. पण धडकेत पत्रा दुमडला नाही तर तो धक्का आतल्या माणसाच्या अंगात जातो. चाळीस-पन्नासच्या वेगाने शहरात जाण्यापुरती जुनी गाडी ठीक. लहान मूल मागे बसवून ईसीआर या किनारी रस्त्याने पाँडिचेरी किंवा जीएसटी रोड या महामार्गाने रात्री तिंडिवनम गाठायचे असेल, तर भाड्याने नवी गाडी घ्यावी.

तेव्हा निवड अशी: पहिली आणि एकमेव गाडी हवी असेल तर २००५ नंतरची, एसी असलेली, पत्र्याने निरोगी मारुती ८००. ती आज फारशी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. दहा वर्षांनी भरेल. घरात स्कूटर आहे, मेट्रो जवळ आहे आणि हात काळे करायची हौस आहे, तर शेवटच्या काळातली पद्मिनी. मोठे कुटुंब आणि पेट्रोलची फिकीर नसेल तर अॅम्बेसेडर. हेराल्ड दुसऱ्या गाडीचे स्वप्न म्हणून राखून ठेवावी.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि न कळवता जा. बोनेटला हात लावा. ते थंडगार असेल तरच मालकाला सेल्फ मारायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन चोक न ओढता सुरू होते आणि पहिल्या धुराचा रंग लपवते. थंड इंजिन निळा धूर न सोडता दोन प्रयत्नांत सुरू झाले, चुंबकाने दारांच्या कडा धरल्या आणि आरसी बुकातला चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळला, तर मग किमतीची गोष्ट काढा.